कृत्रिम अवयवांचे विज्ञान आणि आपले कर्तव्य

काटोल-नरखेडच्या पट्ट्यात हात किंवा पाय गमावलेला एकही माणूस नाही, असे गाव क्वचितच सापडेल. मळणीयंत्रात हात जातो. नागपूर-इटारसी लोहमार्ग आपल्या काटोलवरून जातो, रस्त्यांवर वाहनेही वाढली आहेत. अपघातात पाय जातात. मधुमेह झालेल्या माणसाला तळपायाची लहानशी जखम कळत नाही, ती चिघळते आणि शेवटी पाय कापावा लागतो. लहानपणी पोलिओ झालेले कितीतरी जण आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि एका हाताने गुडघा दाबत पाऊल टाकतात. कुष्ठरोगातून पूर्ण बरे झालेले, पण पायांची जाणीव कायमची हरपलेले वृद्ध विदर्भात आजही आहेत.

या सर्वांसाठी विज्ञानाने काही ना काही साधन तयार केले आहे. परंतु ते साधन कसे बनते, कशामुळे टिकते आणि कशामुळे निरुपयोगी ठरते, याची माहिती आपल्याला फारशी नसते. शिबिरात पाय मिळतो, हार-तुरे होतात, छायाचित्र निघते. काही महिन्यांनी तोच पाय घराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा असतो आणि माणूस पुन्हा कुबडीवर आलेला असतो. ‘दिला तरी वापरत नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. तो का वापरत नाही, हे विचारायला कोणी जात नाही.

या क्षेत्रातील संशोधनाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. बरेचसे मोठे शोध याच साध्या प्रश्नातून लागले आहेत. माणूस साधन का टाकून देतो, याचे कारण ज्यांनी शोधले त्यांनीच हे शास्त्र पुढे नेले. ते कसे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

दोन शब्दांची ओळख

या शास्त्राच्या दोन शाखा आहेत. शरीराचा जो भाग गेला त्याच्या जागी बसवतात त्या कृत्रिम अवयवाला प्रोस्थेसिस म्हणतात. कृत्रिम पाय किंवा हात हे त्याचे उदाहरण. शरीराचा भाग जागेवर आहे, पण दुबळा, वाकडा किंवा बधिर झाला आहे, त्याला आधार देणाऱ्या साधनाला ऑर्थोसिस म्हणतात. पोलिओच्या रुग्णाचे कॅलिपर, पाठीच्या कण्याचा पट्टा, घोटा सावरणारे प्लॅस्टिकचे स्प्लिंट, बधिर पायासाठी बनवलेली मऊ चप्पल ही सारी ऑर्थोसिसची रूपे होत. ही दोन्ही साधने मोजमाप घेऊन बनवणाऱ्या तज्ज्ञाला प्रोस्थेटिस्ट व ऑर्थोटिस्ट म्हणतात. डॉक्टर शस्त्रक्रिया करतात, पण माणसाला पुन्हा चालते करण्यात या तज्ज्ञाचा वाटा तितकाच मोठा असतो.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी सुमारे ५४ लाखांचे अपंगत्व हालचालीचे होते. शासन आज ‘दिव्यांग’ हा शब्द वापरते. शब्द कोणताही असो, प्रश्न माणसाला चालता-फिरता आणि कमावता करण्याचा आहे.

महाराष्ट्रातील सुरुवात

आपल्या देशातील या कामाच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर सुरू झाले. पुढे तेथे नागरिकांनाही सेवा मिळू लागली. १९५५ मध्ये मुंबईत हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने स्थापन झाली. रुग्णसेवा, साधनांची निर्मिती आणि तज्ज्ञांचे शिक्षण ही तिन्ही कामे तेथे चालतात. केंद्र सरकारचा ‘अॅलिम्को’ हा कारखाना १९७२ मध्ये कानपूर येथे स्थापन झाला. शिबिरांत मिळणारी बरीचशी साधने व सुटे भाग तेथूनच येतात.

सुरुवातीच्या काळात यातील बहुतेक तंत्र परदेशातून आलेले होते. १९५० च्या दशकात अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘सॅच’ नावाचे पाऊल विकसित झाले. त्याच्या आत लाकडाचा कडक गाभा, टाचेत मऊ उशी, आणि घोट्याला हलणारा सांधा नाही. स्वस्त, टिकाऊ आणि साधे असे हे पाऊल जगभर पसरले. सपाट रस्त्यावर बूट घालून चालणाऱ्या माणसाला ते उत्तम होते. आपल्याकडचा माणूस मात्र तसा जगत नाही, हे कळायला काही वर्षे जावी लागली.

जयपूरचा धडा

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक होते. चांगला पाय बसवून घरी पाठवलेले रुग्ण पुन्हा कुबडीवर दिसतात, हे त्यांच्या लक्षात आले. कारण शोधता ते उघड्यावरच होते. परदेशी पावलाला बूट लागत असे. बूट घालून स्वयंपाकघरात कसे जायचे? शेताच्या चिखलात बूट किती दिवस टिकणार? पाऊल घोट्यात वाकत नसल्यामुळे उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, ओबडधोबड बांधावरून चालता येत नसे. दोष रुग्णाचा नव्हता, पावलाच्या रचनेचा होता.

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर काम करीत. शालेय शिक्षण अगदी थोडे, पण हाताला शिल्पकाराची जाण. या दोघांनी मिळून १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नवे पाऊल घडवले. टायरला नवा थर चढवताना रबर तापवून पक्के करतात, तेच तंत्र त्यांनी वापरले. टाचेत व पुढच्या भागात मऊ रबराचे ठोकळे, घोट्याशी लाकूड, त्यावर टायरच्या दोऱ्यांचे व रबराचे वेष्टन, आणि हे सारे साच्यात घालून तापवलेले. बाहेरून ते खऱ्या पावलासारखे दिसते. ते सर्व बाजूंनी थोडे थोडे वाकते. अनवाणी चालता येते, पाण्याने खराब होत नाही, उकिडवे बसता येते. हेच ‘जयपूर फूट’ होय. याचे पेटंट घेतले गेले नाही, त्यामुळे कोणालाही ते बनवता आले.

१९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि या पावलाचा प्रसार देशाबाहेरही झाला. संस्थेच्या सांगण्यानुसार कृत्रिम पाय, कॅलिपर व इतर साधने मिळून २० लाखांहून अधिक लोकांपर्यंत ती पोहोचली आहे. पुढे पायाचा वरचा भाग बनवण्यासाठी एचडीपीई पाइप वापरात आला. आपल्या संत्राबागांत ओलितासाठी याच जातीच्या प्लॅस्टिकचे पाइप वापरतात. तो तापवून प्लॅस्टरच्या साच्यावर ओढला की त्या माणसाच्या मापाची नळी तयार होते. मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी १९८१ च्या अपघातात पाय गमावल्यावर जयपूर फूट लावून पुन्हा नृत्य केले, हे ‘नाचे मयूरी’ (१९८६) या चित्रपटामुळे घराघरांत ठाऊक झाले.

डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्र शर्मा यांचे नाव मात्र त्या मानाने फार थोड्यांना माहीत आहे. येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे परमपूज्य बाबासाहेबांनी दाखवून दिले. त्या विभागणीमुळे आपल्या देशात पुस्तक वाचणाऱ्याने चामड्याला, लाकडाला, लोखंडाला हात लावला नाही आणि ज्यांच्या हातांना त्या वस्तूंचे मर्म कळत होते त्यांना पुस्तकाजवळ येऊ दिले नाही. कृत्रिम अवयवाचे शास्त्र हे नेमके चामडे, लाकूड, लोखंड आणि शरीरशास्त्र यांच्या मिलाफातून उभे राहते. जयपूरला डॉक्टर आणि कारागीर एका बाकावर बसले, तेव्हाच ते पाऊल घडले.

खरी कसोटी सॉकेटची

लोकांना पाऊल दिसते, म्हणून पाय म्हणजे पाऊल असे वाटते. जाणकार मात्र आधी सॉकेट पाहतात. पाय कापल्यानंतर जो भाग उरतो त्याला दवाखान्यात ‘स्टंप’ म्हणतात. हा स्टंप ज्या पेल्यासारख्या भागात बसतो तो सॉकेट. शरीराचा सारा भार याच जागी प्लॅस्टिकवर उतरतो. आपला तळवा भार सोसण्यासाठीच घडलेला आहे, पण पोटरीची किंवा मांडीची कातडी तशी नाही. सॉकेट ढिले असेल तर घासते, घट्ट असेल तर रक्त अडते, एका जागी टोचत असेल तर तेथे फोड येतो. फोड आलेला माणूस पाय काढून ठेवतो. कोपऱ्यात उभ्या असलेल्या पुष्कळ पायांचे कारण एवढेच असते.

१९५० च्या दशकाच्या शेवटी बर्कले येथेच यावर मूलभूत काम झाले. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा दाब सोसू शकते, नडगीच्या हाडाची पुढची धार सोसू शकत नाही. म्हणून सॉकेटमध्ये सोसणाऱ्या जागी आत दाब द्यायचा आणि न सोसणाऱ्या जागी मोकळीक ठेवायची, हे तत्त्व मांडले गेले. त्यासाठी आधी स्टंपवर प्लॅस्टर गुंडाळून साचा घेतात. त्यात प्लॅस्टर ओतून स्टंपची प्रतिकृती करतात. मग कानशीने ती प्रतिकृती कोठे घासायची, कोठे भर घालायची, हे तज्ज्ञ ठरवतो आणि त्यावर प्लॅस्टिक ओढतो. पुढे १९८० च्या दशकात आइसलँडमधील ओसुर क्रिस्टिन्सन यांनी सिलिकॉनचे मऊ अस्तर आणले. ते स्टंपवर मोज्यासारखे चढते, त्यामुळे घासणे कमी होते. पण ते महाग आहे आणि उन्हाळ्यात आत घाम साचतो. विदर्भाच्या उन्हात ही अडचण लहान नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असली पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर स्टंप सुजलेला असतो आणि पुढील काही महिने तो आकसत जातो. आज घेतलेले माप सहा महिन्यांनी चुकीचे ठरू शकते. म्हणून सुरुवातीला क्रेप बँडेज नीट बांधून सूज उतरवणे, गुडघा आखडू नये म्हणून त्याखाली उशी न ठेवणे आणि सांगितलेला व्यायाम करणे आवश्यक असते. पाय मिळाल्यावर स्टंप आकसला तर एकावर एक मोजे घालून तात्पुरते भागते, पण नंतर सॉकेट बदलावेच लागते. वाढत्या मुलाचे साधन तर त्याच्या वाढीबरोबर पुन्हा पुन्हा बदलावे लागते. चपलेचे माप एकदा घेऊन आयुष्यभर पुरत नाही, तसेच हे आहे.

गुडघा आणि हात

पाय गुडघ्याखाली कापला असेल तर स्वतःचा गुडघा शाबूत राहतो आणि चालणे त्या मानाने सोपे होते. गुडघ्याच्या वर कापला असेल तर चालण्यास कितीतरी अधिक शक्ती खर्च होते, आणि कृत्रिम गुडघा ऐन वेळी वाकून माणूस पडण्याची भीती राहते. दाराच्या बिजागरीसारखा एका आसावर फिरणारा गुडघा स्वस्त असतो, पण भरवशाचा नसतो. म्हणून चार दांड्यांचा, बहुआसी गुडघा तयार झाला. त्याचा फिरण्याचा बिंदू हालचालीबरोबर सरकतो. पाय टेकताना तो स्थिर राहतो आणि पाय पुढे टाकताना सहज वाकतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या समितीबरोबर असा प्लॅस्टिकचा गुडघा अवघ्या २० डॉलरच्या आसपास किमतीत तयार केला. २००९ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने वर्षातील उत्तम शोधांत त्याची गणना केली. हे काम विद्यार्थ्यांच्या हातून झाले, याची आपल्या तरुणांनी नोंद घ्यावी. २०२२ मध्ये मद्रास आयआयटीने ‘कदम’ नावाचा बहुआसी गुडघा भारतातच बनवून लोकांपुढे आणला.

दुसऱ्या टोकाला संगणकावर चालणारा गुडघा आहे. जर्मनीच्या ओटो बॉक कंपनीने १९९७ मध्ये असा गुडघा जगापुढे आणला. त्यातील सूक्ष्म संगणक पावलागणिक भार आणि कोन मोजतो आणि गुडघा किती कडक ठेवायचा ते ठरवतो. किंमत लाखांच्या घरात. इस्रोनेही अशा गुडघ्यावर काम करीत असल्याचे २०२२ मध्ये जाहीर केले. तो किमतीत पुष्कळ स्वस्त पडावा हा त्यामागील हेतू आहे.

हाताचे काम पायाहून अवघड आहे. पायाला भार घ्यायचा असतो, हाताला पकडायचे, सोडायचे, चाचपायचे असते. खांद्याला पट्टा बांधून तारेने उघडमीट होणारा आकडा दिसायला ओबडधोबड असला तरी शेतावर आणि कारखान्यात कामाचा असतो. स्नायू आखडताना कातडीवर जे अतिसूक्ष्म विद्युतसंकेत उमटतात ते टिपून बोटे हलवणारा मायोइलेक्ट्रिक हात १९६० च्या सुमारास रशियात प्रथम वापरात आला. आज तो भारतातही बनतो. तरीही हाताला स्पर्श कळत नाही, वजन जाणवते, बॅटरी उतरते. म्हणून हात घेताना ‘कोणत्या कामासाठी हवा?’ हे आधी विचारावे. मळणीयंत्रात हात गेलेल्या शेतमजुराला विळा किंवा फावड्याचा दांडा धरता येणे सर्वांत मोलाचे. समारंभाला शोभणारा सुबक हात त्याला वेगळा लागेल.

कॅलिपरचे ओझे आणि हरपलेली वेदना

ऑर्थोसिसमध्येही शोधांची कथा अशीच आहे. पोलिओ झालेल्या लहान मुलांच्या पायांत लोखंडी पट्ट्यांचे व चामडी पट्ट्यांचे कॅलिपर असे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम हैदराबादला क्षेपणास्त्रांच्या कामात असताना निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी ही मुले तीन किलोंहून जड कॅलिपर ओढत चालताना पाहिली. क्षेपणास्त्रासाठी बनवलेल्या हलक्या संमिश्र पदार्थातून त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३०० ग्रॅमचे साधन तयार केले. मूल चालत नाही ते आळसामुळे नव्हे, पायातल्या ओझ्यामुळे, हे पाहणाऱ्याला दिसले म्हणून हे घडले. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. नवे रुग्ण थांबले, पण जुन्यांना कॅलिपर आजही लागते आणि वयाबरोबर स्नायू अधिक दुबळे होत असल्याने त्यांची गरज वाढते आहे.

कुष्ठरोगाची गोष्ट विदर्भाला परकी नाही. वर्ध्याजवळ दत्तपूर, वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेले आनंदवन ही नावे आपल्या परिचयाची आहेत. या रोगात बोटे आपोआप झडतात, अंग कुजते, हे पापाचे फळ आहे, असे लोक मानत. वेल्लोर येथील डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास केला. मांस आपोआप कुजत नाही, हे त्यांनी दाखवले. रोगजंतू चेतातंतूंना इजा करतात, वेदना कळेनाशी होते, आणि न कळलेल्या जखमा, चटके व दाब यांनी बोटे व पाय नष्ट होतात. कारण सापडले तसा उपायही सापडला. मऊ मायक्रोसेल्युलर रबराचा तळ असलेली, खिळे न ठोकलेली चप्पल भार साऱ्या तळव्यावर पसरवते आणि जखम होऊ देत नाही. हीच युक्ती आज मधुमेहाच्या बधिर पायालाही लागू पडते. कापलेल्या पायासाठी हजारोंचा कृत्रिम पाय लागतो. पाय वाचवणारी चप्पल त्याच्या मानाने कितीतरी स्वस्त पडते. मधुमेह्याने रोज रात्री तळवे पाहणे, अनवाणी न फिरणे आणि चप्पल घालण्यापूर्वी आत खडा नाही ना हे हाताने चाचपणे, एवढ्याने अनेक पाय वाचतील.

तिसरे उदाहरण जन्मतः आत वळलेल्या पावलाचे. गरोदरपणी ग्रहणात काही चिरले म्हणून असे मूल होते, ही समजूत अजूनही ऐकू येते. ती निराधार आहे. अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी विकसित केलेल्या पद्धतीत दर आठवड्याला प्लॅस्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ करतात. बहुतेक बाळांना टाचेच्या कंडरेवर एक छोटासा छेद लागतो. त्यानंतर दांडीने जोडलेले दोन बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार वर्षांपर्यंत झोपताना घालावे लागतात. पाऊल सरळ दिसू लागले की आईवडील बूट बंद करतात आणि पाऊल पुन्हा वळते. येथे साधन टाकून देण्याचे कारण अपुरी माहिती हे असते, आणि माहिती देणे हे आपल्यासारख्या संस्थेच्या आवाक्यातले काम आहे.

आजचे संशोधन कोठे आहे?

आज स्टंपचे माप प्लॅस्टरऐवजी कॅमेऱ्याने घेता येते, संगणकावर सॉकेट दुरुस्त करता येते आणि त्रिमितीय छपाई यंत्रातून ते थर थर चढवून तयार होते. दूरच्या गावातील रुग्णाचे माप शहरात पाठवणे यामुळे शक्य होईल. छापलेले सॉकेट रोजच्या भाराखाली किती वर्षे टिकते, यावर अभ्यास चालू आहे. स्वीडनमध्ये १९९० पासून हाडातच टायटॅनियमचा दांडा बसवून त्याला पाय जोडण्याची पद्धत सुरू झाली. तिच्यात सॉकेटच लागत नाही, पण दांडा कातडीतून बाहेर येतो तेथे जंतुसंसर्गाचा धोका असतो. डीआरडीओने बीबीनगरच्या एम्सबरोबर कार्बन फायबरचे स्वदेशी पाऊल २०२५ मध्ये पुढे आणले.

हे काम आपल्यापासून फार दूर चाललेले नाही. महाराष्ट्र शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने २०१४ मध्ये मुंबई आयआयटीत ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र सुरू झाले आणि नागपूरच्या व्हीएनआयटीतही त्याचे केंद्र उभे राहिले. डॉक्टरांनी अडचण सांगायची आणि अभियंत्यांनी तिच्यावर उपकरण शोधायचे, अशी तेथील पद्धत आहे. काटोलपासून नागपूर साठ किलोमीटरच्या आसपास. निंदणाला उकिडवे बसताना पाय कोठे अडतो, पावसाळ्यात काळी चिकट माती पावलाला कशी धरते, संत्रा तोडताना शिडीवर काय होते, हे आपल्या गावातला माणूस जितके नेमके सांगेल तितके कोणतेही पुस्तक सांगणार नाही. ती माहिती संशोधकांपर्यंत पोहोचणे हादेखील संशोधनाचाच भाग आहे.

संस्थेने काय करावे?

सभासद बंधू-भगिनींनो, शिबिर घेणे चांगलेच आहे. पण शिबिराचे यश किती पाय वाटले यावर मोजू नये. वर्षाने किती जण त्या पायावर चालत आहेत यावर मोजावे. त्यासाठी पुढील गोष्टी फार खर्चाच्या नाहीत.

पहिली, प्रत्येक लाभार्थ्याची वही ठेवावी. एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी एका कार्यकर्त्याने त्याच्या घरी जाऊन एकच प्रश्न विचारावा : ‘पाय वापरता का? नसाल तर का?’ उत्तर जसेच्या तसे लिहून घ्यावे.

दुसरी, शिबिर घेणाऱ्या संस्थेकडून दुरुस्तीची तारीख आधीच लिहून घ्यावी. पट्टा तुटला, स्क्रू ढिला झाला, सॉकेट टोचू लागले तर माणूस कोठे जाईल, याचे उत्तर मिळाल्याशिवाय शिबिराला होकार देऊ नये.

तिसरी, कागदपत्रांस मदत करावी. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ‘यूडीआयडी’ ओळखपत्र मिळाले की अनेक योजनांचे दार उघडते. केंद्र सरकारची साधने देणारी ‘एडिप’ योजना १९८१ पासून चालू आहे. तिच्या उत्पन्नाच्या अटी वेळोवेळी बदलतात, त्या चौकशी करून घ्याव्यात. नागपूर येथील केंद्र सरकारच्या संमिश्र प्रादेशिक केंद्रात पुनर्वसनाची सेवा मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले आणि साधन मिळणे ही दयेची बाब न ठेवता हक्काच्या चौकटीत आणली. लाभार्थ्याला व्यासपीठावर उभे करून त्याचा पाय सर्वांना दाखवण्याची प्रथाही आता थांबवावी.

चौथी, मळणीच्या हंगामाआधी सुरक्षिततेची सभा घ्यावी. सैल बाही, लोंबणारा पदर आणि दमलेला माणूस यंत्राजवळ नको, एवढे पटले तरी काही हात वाचतील.

विद्यार्थ्यांसाठी

बारावी विज्ञान झालेल्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी याखेरीज तिसरी वाट सहसा दिसत नाही. प्रोस्थेटिक्स व ऑर्थोटिक्सची पदवी ही अशी वाट आहे. मुंबईच्या हाजीअली येथील संस्थेत, तसेच कोलकाता व कटक येथील राष्ट्रीय संस्थांत हा अभ्यासक्रम आहे. त्यावर १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेचे नियंत्रण असते. यात शरीरशास्त्र, यंत्रशास्त्र आणि हाताचे कसब तिन्ही लागतात. देशात अशा तज्ज्ञांची संख्या गरजेच्या मानाने फार अपुरी आहे. ज्यांच्या घरात सुतारकाम, लोहारकाम किंवा चामड्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या झाले, त्यांच्या मुलामुलींनी आपल्या आजोबांचे कसब कमीपणाचे मानण्याचे कारण नाही. तेच कसब शिक्षणाची जोड मिळताच शास्त्र होते.

कारण शोधणारा धम्म

अपंगत्व हे मागील जन्मीच्या कर्माचे फळ आहे, असे सांगणारे आजही भेटतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बुद्धाचा नव्हे, असे स्पष्टपणे मांडले आहे. तथागतांनी दुःख आहे असे सांगितले आणि लगेच त्याचे कारण शोधायला लावले. कारण नाहीसे केले की दुःखही नाहीसे होते, ही त्यांची शिकवण. अतिसाराने आजारी पडलेल्या, कोणीही न विचारलेल्या एका भिक्खूला भगवंतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, बिछान्यावर निजवले आणि नंतर भिक्खुसंघाला विचारले की याची सेवा कोणी का केली नाही. विनयपिटकातील या प्रसंगात करुणा आहे, आणि तिच्या जोडीला ‘का?’ हा प्रश्नही आहे.

डॉ. सेठी आणि रामचंद्र शर्मा, डॉ. ब्रँड, कॅलिपर हलके करणारे अभियंते, यांनी तोच प्रश्न विचारला. आपल्या तालुक्यात कोणाच्या तरी घराच्या कोपऱ्यात आज एक पाय उभा असेल. यंदा संस्थेच्या कार्यकर्त्यांनी त्या घराचे दार वाजवावे, पायाच्या मालकाजवळ बसावे आणि तो पाय का उभा आहे ते त्याच्याच तोंडून ऐकून घ्यावे. तो जे सांगेल त्यावरूनच पुढचे माप घ्यायचे आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!